बिनमिठाचा नंबर

आठवणी लिहायला माणूस म्हातारा असावा लागतो म्हणे. केस पिकलेले असावेत, दात हलायला लागलेले असावेत, मागं पुस्तकांचं कपाट असावं. माझ्याकडं यातलं काहीच नाही. पण मी कुरुळीची आहे, आणि आमच्या चाकणच्या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांत अख्खा जन्म उलटून जातो. ज्या बांधावर बसून मी लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलली, त्या बांधावर आता कंटेनर रिव्हर्स घेतात आणि पाखरांपेक्षा जास्त ओरडतात. माझी शाळा पाडून तिथं वजनकाटा झाला. तेव्हा मला म्हातारी धरायला हरकत नाही. तरुणपणातलं एकच वर्ष मला नीट लिहून ठेवायचंय, आमच्या गोठ्यात म्हशींच्या जागी जपानी गाडी बांधलेली होती ते वर्ष. बांधलेली म्हणते, कारण तीही म्हशीसारखी एकदा बसली की हलायचं नाव घेत नव्हती.

आधी घर सांगते, म्हणजे भांडण कशावरून होतं ते कळेल. पुढं ओटा, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याचा लांबलचक गोठा. जमीन कंपनीत गेली तशी वैरण गेली, वैरण गेली तशा म्हशी गेल्या. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली. आपल्याच वावराच्या तोंडाशी उभं राहून ते गाड्यांना सलाम ठोकायचे. वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाईट काय त्यात? आदीबी मी तितंच उभा ऱ्हायचो. तवा पगार नव्हता." आईचं तसं नव्हतं. पहाटेपासून हात चालवायची सवय असलेली बाई ती, आणि तिच्या हाताला कामच उरलं नाही. आमच्या परड्यात भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यात मराठवाड्यातली पोरं राहायची, शिफ्टवरून यायची आणि रोज तोच करपलेला भात खायची. तो करपल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि आईचा जीव कासावीस व्हायचा. "आगं, आया काय म्हणत असतील त्येंच्या," असं ती मला म्हणायची, जणू तो भात मीच करपवलाय. गोठ्यात खानावळ काढायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मोठं पातेलं माळ्यावरून उतरवून घासूनसुद्धा ठेवलं होतं. अडचण एवढीच, की गोठ्यात गाडी होती.

ही गाडी कंपनीतल्या एका जपानी साहेबाची. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा आप्पांनी ती जमिनीच्या आलेल्या पैशातून घेऊन टाकली, आईला न विचारता. मोत्याच्या रंगाची, लांब नाकाची, आणि आपल्या देशात कधी विकलीच न गेलेली. म्हणजे तिचं शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही, कुणी नातेवाईकच नाही इथं. किल्ली फिरवली की आतून एक बाई गोड आवाजात जपानी बोलायची. रोज तेच बोलायची. काय, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आप्पा मान डोलवून ऐकायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली का तुमची बया? काय म्हंती? जेवली का इचारा!" घरात सवत आल्यासारखं तिचं त्या आवाजाशी भांडण चालायचं. मला विचाराल तर आई त्या बाईशी आप्पांपेक्षा जास्त बोलायची.

गाडी आली आणि आप्पांना समाज मिळाला. त्या समाजाचं नाव 'इम्पोर्टेड परिवार'. पिंपरी-चिंचवडमधल्या, परदेशातून आलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचा हा ग्रुप. फोनवर तर होताच, शिवाय दर रविवारी सकाळी पिंपळे सौदागरला सोपानशेठच्या लग्नाच्या लॉनवर भरायचा. सोपानशेठ परिवाराचा प्रमुख. त्याच्या शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यानं लॉन काढलं, आणि अंगठ्या इतक्या घातल्या की बॉनेट उघडताना हात अडकायचा. त्याच्या खालोखाल विवेक सर. ते आयटीत होते, त्यांचं परदेशात येणं-जाणं असायचं, त्यामुळं बाहेरून पार्ट मागवायचं खातं त्यांच्याकडं. तिसरा मोशीचा दत्ताभाऊ, त्याच्याकडं गाडी होती की नाही याबद्दलच मला शंका आहे, पण तो एकही रविवार चुकवायचा नाही. मी दोन-तीनदा आप्पांबरोबर गेले होते. सगळ्यांनी आपापली बॉनेटं उघडून ठेवलेली, आणि सगळे दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये वाकलेले. कुणाची गाडी कुठं चालून आली असं बोलणंच नाही. बोलणं एकच, पार्टचा नंबर.

आता हे नंबर प्रकरण समजून घ्या, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच आहे. या गाड्यांचा पार्ट दुकानात जाऊन 'जरा पंप द्या' म्हणून मिळत नाही. त्याचा लांबलचक नंबर असतो, तो लिहून बाहेरदेशी पाठवला तरच वस्तू येते. तेव्हा ज्याच्याकडं नंबर तो राजा. ग्रुपवर कुणी विचारायचं, "ब्रेक पॅडचा नंबर आहे का कुणाकडं?" की खाली लगेच, "पर्सनलला या भाऊ." पर्सनलला गेलं की, "रविवारी या." रविवारी गेलं की खांद्यावर हात टाकून लॉनच्या कोपऱ्यात न्यायचं, कानात सांगायचं. लिहून द्यायचं नाही. आणि पिंपरीतल्या एका दुकानदारानं एकदा यांचे नंबर ऐकून धंदा केला म्हणून सोपानशेठनं नियम काढला होता, सांगताना नंबरात 'मीठ' घालायचं. म्हणजे पहिला आकडा एकनं वाढवून सांगायचा. दोन असेल तर तीन. ऐकणाऱ्यानं घरी जाऊन एक वजा करायचा. शिवाय ऑर्डर देताना वस्तूचं नाव घ्यायचं नाही, नुसता नंबर. का, तर भिंतीला कान असतात. गाडीचा वायपर मागवायचा आणि गुप्तता अशी, जणू तोफ मागवताहेत.

नवीन माणसाला परिवारात घ्यायचं तर त्यानं एक नवा नंबर आणायचा, अशी रीत होती. आप्पांकडं देण्यासारखं काय होतं? पण गाडीच्या डिकीत जपानी साहेबाचा एक रिकामा खोका निघाला, पेट्रोल पंपाचा. रस्त्यावरचा पेट्रोल पंप नव्हे, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलतो तो छोटा पंप. साहेबानं जायच्या आधी तो नवीन बसवला होता. खोक्यावर नंबर छापलेला. आप्पांनी तो पाठ केला, वॉचमनचा ड्रेस बदलून इस्त्रीचा शर्ट घातला, आणि लॉनच्या कोपऱ्यात सोपानशेठच्या कानात मीठ घालून सांगितला. त्या दिवशी घरी आले ते हवेत. "मला सोपानशेठ भाऊ म्हणाला," असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं. एरवी तो त्यांना 'कुरुळीकर' म्हणायचा. गेटवर दिवसभर सलाम ठोकणाऱ्या माणसाला कुणीतरी भाऊ म्हणावं, याचं आप्पांना किती अप्रूप होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आई म्हणाली, "बरं झालं. आता त्यो खोका इकडं द्या," आणि तिनं तो आंघोळीच्या बंबात घातला. आप्पांनी हरकत घेतली नाही. पंप नवा होता, नंबर तोंडपाठ होता, आणि माणूस खुशीत होता.

आणि मग काय, बंद पडलाच तो पंप. एका सकाळी किल्ली फिरवली, बाई नेहमीसारखी गोड बोलली, आणि इंजिन मात्र गप्प. कुरुळी फाट्यावर मिलिंदभाऊचं गॅरेज होतं. मूळचा पिंपरीचा, वडील कंपनीत होते, दुकानात बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि तोंडाची चक्की अखंड चालू. त्यानं टाकी उघडली, पंप काढला, कानाशी धरून हलवला. "आप्पा, वारला," म्हणाला. पंपावरचा कागदी नंबर पेट्रोलनं केव्हाच धुऊन निघाला होता. "दुसरा टाकतो ना राव. आपल्याकडच्या छोट्या टेम्पोचा बसतोय यात, जरा पाइप फिरवला की झालं." आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ओरिजिनलशिवाय काही बसवायचं नाही, हा परिवाराचा पहिला नियम. मिलिंदभाऊ हसला. "पंपाला काय कळतंय राव, तो जपानचा आहे का चाकणचा? त्याला पेट्रोल ढकलायचंय. पण तुमचा देव तुम्ही पूजा. मी काय, मिस्त्री माणूस."

आप्पा आपला पाठ केलेला नंबर म्हणायला बसले आणि कोरे पडले. मधले आकडे आठवेनात, पहिला तर अजिबात आठवेना, दोन का तीन का आणखी काही. मिठाचा घोळ त्यांच्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता. आई म्हणाली, "घ्या, आता बंबाला इचारा." पण लगेच तिनं आवाज बदलला. पोळपाट बाजूला सारून ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "ह्ये बगा, मी पोरांना शबूद दिलाय. दसऱ्याला गोठ्यात चूल पेटनार. न्हाई पेटली तर नाक्यावर दुसरा मानूस मेस टाकायला टपलाय, मंग माजं काय बी उरत न्हाई. दसऱ्यापत्तुर तुमची बया सोताच्या पायानं भाईर गेली तर तुमची. न्हाईतर भंगारवाल्याला हाक मारीन." आईनं 'माझं काही उरत नाही' असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. गंमत सगळी बाजूला, त्या घरात त्या बाईचं स्वतःचं म्हणून ते एक पातेलंच होतं.

मग आप्पांनी परिवारात हात पसरले. आपणच दिलेला नंबर, पण परिवाराची रीत ती रीत. ग्रुपवर विचारलं, "पंपाचा नंबर आहे का?" सोपानशेठचं उत्तर आलं, "आहे, पण मी विवेक सरांना दिलाय, त्यांच्याकडून घे." विवेक सर म्हणाले, "ॲक्च्युअली मी तो दत्ताभाऊला पास केला." आणि दत्ताभाऊनं एका रविवारी आप्पांच्या खांद्यावर हात टाकून, लॉनच्या त्याच कोपऱ्यात नेऊन, आप्पांचाच नंबर आप्पांच्या कानात सांगितला, मोठे उपकार केल्यासारखा. आप्पा घरी येईपर्यंत पुटपुटत होते. नियमाप्रमाणे त्यांनी पहिल्या आकड्यातून एक वजा केला, विवेक सरांकडून ऑर्डर गेली, वस्तूचं नाव अर्थातच कुणी घेतलं नाही. आणि आम्ही वाट बघायला लागलो. पाऊस आला, गेला, गणपती बसले, उठले. आप्पा रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन किल्ली फिरवायचे, बाई बोलायची, आप्पा किल्ली काढायचे. आई पातेलं पुन्हा पुन्हा घासायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी खोका आला. विवेक सरांनी फोन केला आणि आप्पांच्या अंगात संचारलं. अख्ख्या परिवारालाच त्यांनी जेवायला बोलावलं, सगळ्यांसमोर खोका उघडायचा, मिलिंदभाऊनं तिथंच पंप बसवायचा, आणि गाडी गोठ्यातून सगळ्यांच्या देखत बाहेर काढायची. आई कुरकुरली, पण मनातून तिलाही गोठा मोकळा होताना बघायचा होता. तिनं मासवडीचा घाट घातला. खोबरं, तीळ, लसूण भाजल्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेला आणि खोल्यांतली पोरं उगाचच अंगणातून येरझाऱ्या घालायला लागली. आप्पा त्या दिवशी स्वयंपाकघरात इतक्यांदा आले-गेले की आईनं त्यांना उलथनं दाखवलं. शेवटी इम्पोर्टेड परिवाराच्या गाड्या आमच्या गल्लीत शिरल्या. त्यातल्या दोन ढकलत आणाव्या लागल्या, ते सोडा.

पंगत बसली. सोपानशेठनं मासवडीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात टाकला आणि त्याचे डोळे बारीक झाले. विवेक सरांनी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. दत्ताभाऊ सभ्यपणे भाकरीच खात राहिला. "वहिनी," सोपानशेठ म्हणाला, "मीठ जरा सढळ हातानं पडलंय." आई रश्श्याची चव घेऊन उभीच राहिली. आईच्या हातचं मीठ कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. "मी तर अंदाजानंच घातलं व्हतं," ती म्हणाली. आप्पा पाटावरून हळूच म्हणाले, "मीबी घातलं." आई म्हणाली, "तुमी? कशापाई?" "मला वाटलं, तू इसरलीस. पावनं हायेत म्हून मूठभर जास्तच घातलं." पंगतीत हशा झाला. आई म्हणाली, "आवं, मिठाला एकच हात लागावा! दोगं दोगं घालाया लागलं तर खानाऱ्यानं काय करायचं?"

हसत हसतच आप्पांनी हात धुतले आणि विवेक सरांनी आणलेला खोका उघडला. आत फेस, फेसाच्या आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत एक चकचकीत काळी डबी. मिलिंदभाऊनं ती उघडून पाहिली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. "आप्पा, ही राखदाणी आहे. सिगारेट विझवायची." माझ्या आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात विडीला हात लावला नाही त्या माणसानं. ते अंगणाच्या मधोमध राखदाणी हातात घेऊन उभे. पहिल्यांदा मिलिंदभाऊ हसला, मग खोल्यांतली पोरं, मग मलाही राहवेना. आई हसली नाही. ती गोठ्याकडं बघत होती.

आप्पा मात्र राखदाणीकडं न बघता रश्श्याच्या पातेल्याकडं बघत होते. "शेठ," ते सावकाश म्हणाले, "मी तुमाला पैला आकडा काय सांगितला व्हता?" सोपानशेठ म्हणाला, "तीन." "त्यात माजं मीठ व्हतं. म्हंजी खरा दोन. तुमी एक वजा केला का?" सोपानशेठ चिडला, "मी कशाला करू? मला थोडाच पंप लागत होता? मी नंबर ठेवून दिला." "आन् विवेक सरांना सांगताना?" "सांगताना मीठ घालायचंच असतं. चार सांगितला." विवेक सरांनाही पंप लागत नव्हता. त्यांनी दत्ताभाऊला पाच सांगितला. दत्ताभाऊला तर काहीच लागत नव्हतं. त्यानं आप्पांना सहा सांगितला. आप्पांनी इमानदारीत एक वजा केला आणि पाचानं सुरू होणारा नंबर मागवला. या सगळ्या राजांपैकी एकालाही पार्ट नको होता, नुसता नंबर हवा होता, आणि वजा तोच करतो ज्याला वस्तू लागते. आजही मी एखाद्या मीटिंगमध्ये बसते, तोच कागद तीन साहेबांच्या हातून फिरून येतो, आणि मला त्या खारट रश्श्याची चव येते.

मग जे भांडण जुंपलं त्याला तोड नाही. विवेक सर म्हणाले, प्रोसेस फॉलो झाली नाही. दत्ताभाऊ म्हणाला, मी आधीच म्हणत होतो. सोपानशेठनं शेवटी सगळ्यांना गप्प केलं आणि आप्पांच्या खांद्यावर हात टाकला. "हे बघ कुरुळीकर, झालं ते बरंच झालं. आता खरा पहिला आकडा दोन आहे हे कळलं ना? नवी ऑर्डर टाकू. चार महिने कळ काढ." आप्पा म्हणाले, "शेठ, दसरा तोंडावर हाय. खानावळ..." सोपानशेठ हसला. "अरे खानावळीचं काय घेऊन बसलास! चार डब्यांसाठी असली गाडी हलवणार तू? पोरं खातील बाहेर. वहिनी काय कुठं पळून चालल्यात का?"

मी आईकडं पाहिलं. ती खरकटी ताटं उचलत होती. तिनं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवत होती. आप्पांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी सोपानशेठचा हात खांद्यावरून काढला, अगदी हळू, शर्टावरचा किडा काढावा तसा. "शेठ, तिनं शबूद दिलाय," म्हणाले. "माज्या गाडीपायी तिचा शबूद मोडनार न्हाई. मिलिंदभाऊ, तुजा टेम्पोचा पंप कुटं मिळतो?" दत्ताभाऊच्या तोंडून "आयला!" निघून गेलं. विवेक सरांनी समजावून पाहिलं, "आप्पा, थिंक वन्स, गाडीची ओरिजिनॅलिटी जाईल." सोपानशेठ एवढंच म्हणाला, "असलं काही बसवलंस तर रविवारी लॉनवर येऊ नकोस." आप्पांचा चेहरा पडला. तो चेहरा मला अजून दिसतो, आणि सोपानशेठचा मला अजून राग येतो. पण आप्पा मागं हटले नाहीत. "बरं," म्हणाले.

मिलिंदभाऊ दुसऱ्या दिवशी पंप घेऊन आला. आप्पांनी खोका हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खोका त्यांच्या ओळखीचा होता. गेटवर उभं राहून असले खोके ते रोज मोजून सोडायचे. ज्या पंपासाठी आम्ही समुद्रापलीकडं हात पसरले, तो आमच्या जुन्या ज्वारीच्या वावरातच बनत होता. आत काय बनतं हे आप्पांनी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांना कधी कुणी सांगितलंही नव्हतं. "आपल्याच शेतातला हाय की रं ह्यो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हसावं की रडावं तेच त्यांना कळत नव्हतं. मिलिंदभाऊनं पाइप फिरवला, वायर जोडली. किल्ली फिरली, बाई बोलली, आणि मागोमाग इंजिन. आई धावत बाहेर आली, हाताला पीठ तसंच. दसऱ्याला गाडीच्या नाकावर झेंडूची माळ चढली, गोठ्यात चूल पेटली, आणि ती गाडी अंगणात जी आली ती कामालाच लागली. खोल्यांतल्या पोरांनी आईच्या जेवणाची कीर्ती कंपनीत नेली. महिन्याभरात डब्यांची मागणी एवढी आली की गाडीच्या मागच्या सीटवर, डिकीत, पायाशी डबेच डबे. मी गाडी शिकले ती त्याच रस्त्यावर, मांडीवर आमटीचा डबा सांडू नये म्हणून क्लच जपून सोडत. त्या मोतिया गाडीला लसणाचा जो वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही.

परिवारानं आप्पांना ग्रुपमधून काढलं. फोनवर तसं नुसतं लिहून आलं, ते त्यांनी मला वाचायला लावलं आणि मग बराच वेळ गाडी पुसत बसले. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते अंगणात उगाच फिरायचे. मग एक दिवस त्यांनी खडू घेतला. खानावळीच्या दारात आईचा फळा होता, आज वांगं, आज मटकी, आज पिठलं. त्याच्या खाली आप्पांनी मोठ्या अक्षरात त्या टेम्पोच्या पंपाचा अख्खा नंबर लिहिला, कुठल्या गाडीला बसतो ते लिहिलं, आणि पुढं लिहिलं, 'बिनमिठाचा'. कुणालाही लागो, घेऊन जा. आता होई काय, की रक्तदाबवाले सुपरवायझर फळा वाचून आत यायचे आणि आईकडं बिनमिठाचं मागायचे. आई आप्पांच्या नावानं बोटं मोडायची आणि बिचाऱ्यांना वेगळी भाजी काढून द्यायची.

काही दिवसांनी सोपानशेठची गाडी बंद पडली, ती नेमकी त्याच्याच लॉनच्या गेटात, ऐन लग्नाच्या वेळी. नवरदेवाची घोडी भिंतीला घासून आत न्यावी लागली. त्याची गाडी आमच्याच जातीची, पंपही तोच. मग दत्ताभाऊ एका दुपारी आमच्याकडं 'सहज' जेवायला आला. दोनदा रस्सा घेतला, तीनदा फळा वाचला आणि निघून गेला. आणि आठवड्याभरात सोपानशेठ स्वतः हजर, हातात खोका, तोंड लाल. खोका त्यानं आप्पांसमोर आपटला. आत हॉर्न होता. "आप्पा! दत्ताभाऊनं सांगितला तसाच मागवला, तू बिनमिठाचा लिहिलंस म्हणून वजासुद्धा केला नाही. खरं सांग, मीठ किती घातलंयस?"

आतून आई ओरडली, "बरुबर घातलंय! खाऊन बगा आदी!"

आप्पांनी त्याला बसवलं, ताट दिलं. तो जेवला, आणि चांगल्या दोन भाकरी जेवला. हात धुतल्यावर आप्पांनी त्याला फळ्यापाशी नेलं, बोट ठेवून एकेक आकडा वाचून दाखवला. "ह्यो नंबर ह्योच हाय, शेठ. जसा लिवलाय तसा. दुकानदाराला सांगा, पंप पायजे. नाव घेऊन सांगा." सोपानशेठनं मान डोलावली, नंबर उतरवून घेतला. गाडीपर्यंत गेला आणि परत आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं आप्पांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात नेलं आणि कानाशी वाकून विचारलं, "भाऊ म्हणतो तुला. आता तरी सांग, वजा किती करायचं?"

ज्या एका शब्दासाठी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालायचे, तो शब्द हा असा आला. "काय न्हाई," ते म्हणाले. "वजा काय न्हाई करायचं, शेठ."

सोपानशेठनं डोळा मारला. "कळलं," म्हणाला, "कळलं," आणि गेला.

"काय कळलं त्येला?" आईनं दारातून विचारलं.

"की एक वजा करायचा," आप्पा म्हणाले आणि हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, खांब धरून उभं राहावं लागलं, आणि त्यांचं बघून आई, आईचं बघून मी. दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला तसं भान आलं. डबे तयार होते. आप्पांनी डोळे पुसले, गाडीत बसून किल्ली फिरवली. बाई आपलं गोड जपानी बोलली.

"व्हय बाई," आई दारातून म्हणाली, "निगाले, निगाले."